लांडगा, कायोटी आणि सरकारी बंदूक

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान अमेरिकेतील वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या तीन राज्यांत पसरलेले आहे. या उद्यानात जन्मलेला लांडगा हद्दीच्या आत आहे तोवर त्याच्यावर कोणाही शिकाऱ्याला गोळी झाडता येत नाही. तोच लांडगा एल्क हरणांच्या मागे उत्तरेकडे मोंटानात शिरला, तर हंगामात परवानाधारक शिकारी त्याला मारू शकतो. तो वायोमिंगमध्ये उद्यानापासून बराच दूर गेला, तर राज्याच्या सुमारे ८५ टक्के भूभागावर त्याला मारण्यासाठी परवाना लागत नाही, हंगाम पाळावा लागत नाही आणि संख्येचीही मर्यादा नाही. दूर पूर्वेकडच्या मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिन राज्यात मात्र हाच प्राणी केंद्रीय कायद्याने संरक्षित आहे. लांडगा कोणत्या सीमारेषेच्या कोणत्या बाजूला उभा आहे, यावर त्याचे जगणे ठरते. त्याचा लहान भाऊ म्हणता येईल अशा कायोटीच्या बाबतीत असा गोंधळ नाही, कारण त्याला जवळजवळ कोठेच संरक्षण नाही.

अमेरिकेतील भक्षक प्राण्यांचा वाद समजून घ्यायचा, तर शिकार आणि सरकारी नियंत्रण या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात. शिकार म्हणजे राज्य सरकारच्या परवान्याने, किंवा परवान्याशिवाय, नागरिकांनी केलेली हत्या. सरकारी नियंत्रण म्हणजे पगारी कर्मचाऱ्यांनी, सार्वजनिक पैशातून, पशुधनाच्या रक्षणाच्या नावाखाली केलेली हत्या. पहिलीवर राज्यांचा अधिकार चालतो, तर दुसरीचे मुख्य यंत्र केंद्राच्या कृषी खात्यात आहे. संरक्षणाची मागणी करणाऱ्यांना या दोन्ही आघाड्यांवर वेगवेगळ्या कायद्यांनी लढावे लागते, आणि त्यामुळेच बातम्यांतून हा विषय तुकड्या-तुकड्यांत आपल्यापर्यंत पोचतो.

प्राण्यांची ओळखही करून घेऊ. अमेरिकेतील करडा लांडगा आपल्या माळरानावरच्या लांडग्याच्याच जातीचा आहे, पण अंगाने पुष्कळ मोठा. पूर्ण वाढलेला नर चाळीस-पन्नास किलोंचा सहज भरतो. कायोटी साधारण दहा ते वीस किलोंचा असतो. मराठी भाषांतरांत त्याला बहुधा ‘कोल्हा’ म्हणून मोकळे होतात, पण तो आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा किरकोळ असा तिसराच प्राणी आहे. त्याचे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आले आहे. मूळचा तो खंडाच्या मध्यभागातील गवताळ मैदानांचा आणि पश्चिमेकडील वाळवंटांचा रहिवासी. माणसाने लांडगा संपवला, जंगले तोडून शेते केली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कायोटी पसरत गेला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. शिकागोच्या रस्त्यांवर आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही तो दिसतो. शंभर वर्षे ज्याला संपवण्यासाठी सरकारने पैसा ओतला, त्या प्राण्याचा मुलूख त्याच शंभर वर्षांत कित्येक पटींनी वाढला, ही गोष्ट पुढील सगळ्या चर्चेत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लांडग्याच्या डोक्यावर इनाम लावण्याची पद्धत तेथे फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीने १६३० मध्येच असे इनाम जाहीर केले होते. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील मैदानांवर रानरेड्यांचे, म्हणजे बायसनचे, प्रचंड कळप कापून काढण्यात आले आणि त्यांच्या जागी गुरे व मेंढ्या आल्या. नैसर्गिक भक्ष्य नाहीसे झाल्यावर लांडगे गुरांकडे वळले, आणि मग त्यांना मारण्याला धर्मकार्याचे रूप आले. मोंटाना राज्याने १९०५ मध्ये तर असा कायदा केला की राज्याच्या पशुवैद्याने पकडलेल्या लांडग्यांना खरजेची लागण करून परत सोडावे, म्हणजे तो रोग इतर लांडग्यांत आणि कायोटींत पसरेल. १९१५ मध्ये अमेरिकी संसदेने लांडगे व इतर भक्षक मारण्यासाठी केंद्राच्या ‘ब्यूरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे’ या खात्याला १,२५,००० डॉलर मंजूर केले, आणि इनामावर जगणाऱ्या खासगी शिकाऱ्यांच्या जागी पगारी सरकारी शिकारी आले. यलोस्टोनमध्ये, म्हणजे जगातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानात, शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. उद्यानाचेच कर्मचारी त्यात सामील होते.

लांडगा जवळजवळ संपला, पण खाते संपले नाही. १९३१ मध्ये संसदेने भक्षक-नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला आणि तो, काही दुरुस्त्यांसह, आजही या कामाचा आधार आहे. लांडगे उरले नसल्यामुळे आता मुख्य शत्रू कायोटी ठरला. सस्तन प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास या विषप्रयोगांना उघड विरोध केला होता. यलोस्टोनमध्ये १९३० च्या दशकात जीवशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ म्युरी यांनी कायोटींचा बारकाईने अभ्यास करून एल्कच्या संख्येवर त्यांचा फारसा परिणाम होत नसल्याचे दाखवले. शास्त्रज्ञांचे म्हणणे एका कपाटात राहिले आणि विषाची आमिषे दुसऱ्या कपाटातून बाहेर जात राहिली. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यात हे काम वन्यजीव खात्याकडून काढून कृषी खात्याकडे देण्यात आले, आणि १९९७ मध्ये त्याला ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ असे नाव मिळाले. नाव ऐकून जखमी पक्ष्यांना मलमपट्टी करणारी संस्था डोळ्यांसमोर यावी! न्यायाने सांगायचे तर विमानतळांवर पक्ष्यांच्या धडका टाळणे, रानातील प्राण्यांना रेबीजची लस असलेली आमिषे टाकणे अशी उपयोगाची कामेही हीच संस्था करते. पण पश्चिमेकडील राज्यांत तिची ओळख विमानातून व हेलिकॉप्टरमधून झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांनी, पायात अडकणाऱ्या सापळ्यांनी आणि गळ्याला बसणाऱ्या तारेच्या फासांनी झालेली आहे. कायोटींच्या घळीत शिरून पिल्ले मारण्याचे कामही त्यात येते. संस्था स्वतःच दरवर्षी मारलेल्या प्राण्यांचा जातवार तक्ता प्रसिद्ध करते. गेल्या दहा वर्षांत बहुतेक वर्षी त्यातील कायोटींचा आकडा ५५,००० ते ७५,००० च्या दरम्यान आहे आणि लांडग्यांचा साधारण ३०० च्या आसपास. परवानाधारक आणि हौशी शिकाऱ्यांनी मारलेले प्राणी यात धरलेले नाहीत. या कामाचा खर्च केंद्राच्या तिजोरीतून, तसेच राज्ये, काउंट्या (राज्यांतील जिल्ह्यासारखे विभाग) आणि पशुपालकांच्या संघटना यांच्याकडून येतो.

इतके मारूनही कायोटी का संपत नाहीत, हा या विषयाचा गाभा आहे.

कायोटी कुटुंब करून राहतात. एका इलाख्यात एक प्रौढ जोडी आणि तिची आधीच्या विणीची काही पिल्ले असा गट असतो, आणि माणसाचा त्रास नसेल तर त्या गटात बहुधा ती एक जोडीच पिल्ले घालते. बाकीच्या तरुण माद्या विणीच्या वयात येऊनही थांबून राहतात व धाकट्यांना वाढवायला मदत करतात. आता या जोडीतील एकाला गोळी लागली, तर गटाची घडी मोडते. जी मादी एरवी थांबली असती तीही विते. गट लहान झाल्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला ससे-उंदीर अधिक येतात, माद्या धष्टपुष्ट राहतात, आणि जास्त पिल्ले जगतात. सतत शिकार होणाऱ्या भागांत एका विणीतील पिल्लांची संख्याही वाढलेली आढळली आहे. शिवाय रिकाम्या झालेल्या इलाख्यात शेजारचे भटके तरुण कायोटी येऊन बसतात. तणाची पाने खुडावीत आणि गड्ड्यातून अधिक कोंब फुटावेत, असा हा प्रकार आहे. हरळी काढून पाहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॉनोली आणि लाँगहर्स्ट या दोन संशोधकांनी १९७५ मध्ये याचे गणित मांडले. त्यांच्या हिशोबाप्रमाणे दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिले, तरच साधारण पन्नास वर्षांनी ते संपतील. आणि हत्या थांबताच उरलेले थोड्याच वर्षांत पुन्हा पूर्वीच्या संख्येवर येतील.

दुसरी अडचण मेंढ्यांच्या बाजूची आहे. सगळे कायोटी मेंढ्या मारत नाहीत. मेंढ्यांवर हल्ला करतात ते बहुधा पिल्ले असलेले प्रौढ, कारण ससे-उंदरांवर जितकी धावपळ करावी लागते तितक्याच धावपळीत एक कोकरू भुकेल्या पिल्लांना पुरते. म्हणजे सरसकट गोळीबाराने इलाखा धरून बसलेली, मेंढ्यांच्या वाटेला न जाणारी जोडी मेली, तर तिच्या जागी येणारी नवी जोडी कशी निघेल याची खात्री नाही. विशिष्ट ठिकाणी, मेंढ्या माळावर येण्याच्या थोडे आधी केलेल्या हत्येने त्या हंगामापुरते नुकसान कमी होते, असे दाखवणारे अभ्यासही आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तो उपाय पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. खात्याच्या अंदाजपत्रकाला हे सोयीचे असेल; मेंढपाळाची अडचण त्याने सुटलेली नसते.

लांडग्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांमधला वाद जास्त तीव्र आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये असा निष्कर्ष काढला की लांडगे मारल्यावर पुढच्या वर्षी पशुधनावरील हल्ले कमी होण्याऐवजी काहीसे वाढतात, कारण कळपाची रचना विस्कटते आणि विणाऱ्या जोड्यांची संख्या वाढते. संरक्षणवाद्यांनी हा निबंध लगेच हाती घेतला. पण त्याच आकडेवारीची फेरमांडणी करून इतर संशोधकांनी उलट निष्कर्षही काढले आहेत, आणि प्रामाणिक लेखकाने दोन्ही सांगायला हवेत. २०१६ मध्ये एड्रियन ट्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रातील जुन्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप वेगळाच होता. भक्षक मारल्याने पशुधन वाचते की नाही याची काटेकोर, तुलनेसाठी वेगळा गट ठेवून केलेली तपासणी मुळात फारच थोडी झालेली आहे. एखादे औषध इतक्या तोकड्या पुराव्यावर बाजारात आले असते, तर ते कोणी घेतले नसते.

पशुपालकाची बाजू समजून घेतल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. अमेरिकी कृषी खात्याच्या २०१५ च्या आकडेवारीनुसार मोठ्या गुरांच्या एकूण मृत्यूंपैकी भक्षकांमुळे झालेले मृत्यू सुमारे अडीच टक्के होते. वासरांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीची जनावरे श्वसनाचे विकार, अडलेली विण, थंडी-वारा अशा कारणांनी मेली. देशपातळीवर हे नुकसान किरकोळ आहे. परंतु सरासरी कोणाच्या घरी राहायला येत नसते. एखाद्या खोऱ्यात लांडग्यांची टोळी एकाच पशुपालकाच्या कळपाला चटावली, तर त्याचे वर्ष जाते. आयडाहोतील एका अभ्यासात असे दिसले की दाट जंगलात चरणाऱ्या गुरांमध्ये लांडग्याने मारलेले एक वासरू सापडते, तेव्हा न सापडलेली आणखीही कितीतरी असू शकतात; आणि मृतदेह दाखवल्याशिवाय भरपाई मिळत नाही. तरीही दुसरी गोष्टही नोंदवायला हवी. यातील बरीच गुरे सरकारी जमिनीवर चरतात, आणि त्या चराईसाठी एक गाय व तिचे वासरू यांचे महिन्याचे भाडे अनेक वर्षे १.३५ डॉलर इतकेच होते. ज्या जमिनीवर चराई होते ती सर्व नागरिकांची, ज्या प्राण्याला मारले जाते तोही कायद्याने जनतेच्या मालकीचा, आणि मारणाऱ्याचा पगारही करातून. या तिन्ही गोष्टींमुळे शहरातला अमेरिकी माणूस या वादात बोलण्याचा हक्क सांगतो, आणि तो गैर म्हणता येणार नाही. मेंढ्यांच्या धंद्याची उतरण तर कायोटींच्या माथी मारण्याजोगी नाही. १९४२ मध्ये अमेरिकेत ५ कोटी ६० लाख मेंढ्या होत्या, आता जेमतेम ५० लाख उरल्या आहेत. कृत्रिम धाग्यांनी लोकरीची बाजारपेठ खाल्ली आणि लोकांनी मेंढीचे मांस खाणे कमी केले.

आता कायद्याकडे वळू. लांडग्याचे खरे कवच म्हणजे १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा. एखादी जात त्याच्या यादीत आली की तिला मारणे केंद्रीय गुन्हा ठरतो. १९७८ मध्ये अलास्का सोडून मुख्य भूमीवरील बाकीच्या सर्व राज्यांतील करडा लांडगा या यादीत होता. फक्त मिनेसोटात, जेथे तो टिकून राहिला होता, त्याला एक पायरी खालचा दर्जा देण्यात आला, आणि त्यामुळे तेथे पशुधनावर हल्ला करणारे लांडगे सरकार मारू शकते. संरक्षित असणे म्हणजे कोणीच मारू शकत नाही असे नव्हे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये सोडण्यात आले, तेव्हा त्यांना ‘प्रायोगिक संख्या’ असा खास दर्जा दिला गेला, म्हणजे गुरांवर तुटून पडलेल्या लांडग्याला पशुपालकाने मारले तर त्याला गुन्हेगार ठरवले जाणार नव्हते. ही तडजोड नसती तर लांडगे परत आलेच नसते, असे माझे मत आहे. लांडगे परतल्यावर उद्यानाच्या उत्तर भागातील कायोटींची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. सरकारी बंदुकीला जे साधले नव्हते, ते तेथे लांडग्यांनी काही वर्षांत केले. (लांडग्यांनी नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले ही लोकप्रिय कथा मात्र जरा जपून घ्यावी; वाळुंजाची झाडे, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर आणि एल्क यांचे नाते त्या कथेपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे निघाले आहे.)

या कायद्याची रचनाच अशी आहे की तो यशस्वी झाला की संपतो. संख्या सावरली की जात यादीतून निघते आणि कारभार राज्यांकडे जातो. उत्तर रॉकी पर्वताच्या प्रदेशासाठी ठरलेले उद्दिष्ट होते तीन राज्यांत मिळून ३०० लांडगे आणि ३० विणाऱ्या जोड्या. ते २००२ च्या सुमारास गाठले गेले, आणि त्यानंतरचा इतिहास म्हणजे यादीत आत-बाहेर करण्याचा इतिहास आहे. एप्रिल २०११ मध्ये तर संसदेने खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून मोंटाना, आयडाहो आणि लगतच्या काही भागांतील लांडग्यांना यादीतून काढले, आणि त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येणार नाही असेही लिहून टाकले. संसदेने स्वतः एखादा प्राणी या यादीतून वगळण्याची ती पहिलीच वेळ होती. भक्षक मारण्याच्या १९३१ च्या कायद्यात मात्र कोणते उद्दिष्ट गाठले की काम थांबेल, असा आकडा नाही. संरक्षणाला मुदत आणि हत्येला मुदत नाही, ही विषमता मला या सगळ्या प्रकरणातील मूळ दुखणे वाटते.

यादीतून निघाल्यावर काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण विस्कॉन्सिनचे आहे. या राज्याने आधीच असा कायदा करून ठेवला होता की लांडगा केंद्रीय यादीत नसेल तर दरवर्षी शिकारीचा हंगाम ठेवलाच पाहिजे, आणि त्यात शिकारी कुत्र्यांचा वापरही चालेल. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने लांडग्याला यादीतून काढले. राज्याच्या वन्यजीव खात्याला नोव्हेंबरपर्यंत थांबून तयारी करायची होती, पण शिकाऱ्यांच्या एका संघटनेने दावा लावला आणि न्यायाधीशाने फेब्रुवारीतच हंगाम घेण्याचा हुकूम दिला. फेब्रुवारी हा लांडग्यांच्या मीलनाचा काळ, आणि ताज्या बर्फावर माग काढणे सोपे. एकूण २०० लांडग्यांची मर्यादा ठरली. त्यातील ८१ चा वाटा करारानुसार ओजिब्वे या मूळ रहिवाशांचा होता. ते लांडग्याला ‘माइंगन’ म्हणतात, त्याला भाऊ मानतात, आणि त्यांनी एकही मारला नाही. बाकीच्या शिकाऱ्यांना ११९ ची परवानगी होती. हंगाम बंद करायचा तर चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते, हा नियम आड आला, आणि तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. वर्षभराने, फेब्रुवारी २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायालयाने केंद्राचा निर्णय रद्द केला आणि लांडगा पुन्हा संरक्षित झाला. उत्तर रॉकीतील लांडग्यांना हा दिलासा लागू नव्हता, कारण ते वेगळ्या वाटेने यादीबाहेर गेले होते.

त्या भागात २०२१ हेच वर्ष आणखी कडक ठरले. आयडाहोने लांडगे मारण्यावरची संख्येची मर्यादा काढून टाकली, खासगी जमिनीवर वर्षभर सापळे लावायला मुभा दिली आणि या कामासाठी खासगी कंत्राटदार नेमण्याची सोय केली. मोंटानाने फासांना परवानगी दिली आणि यलोस्टोनलगतच्या पट्ट्यातील मर्यादा हटवली. त्या हिवाळ्यात उद्यानातून बाहेर पडलेले सुमारे २५ लांडगे मारले गेले, म्हणजे उद्यानातील जवळजवळ पाचवा हिस्सा. वायोमिंगच्या परवाना न लागणाऱ्या मुक्त पट्ट्यात, डॅनियल या गावी, २०२४ च्या फेब्रुवारीत एका माणसाने स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीने, लांडग्याला चिरडले, तोंडाला चिकटपट्टी गुंडाळून त्याला दारूच्या गुत्त्यात आणले आणि मग मारले. त्याला सुरुवातीला झालेला दंड २५० डॉलरचा होता, आणि तोही जिवंत वन्यप्राणी बाळगल्याबद्दल. देशभर संताप उसळला, कारण स्नोमोबाइलने लांडगा चिरडणे त्या पट्ट्यात तेव्हा बेकायदा नव्हते, हे बहुतेकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

कायोटीच्या बाजूने असा कोणताही केंद्रीय कायदा उभा नाही, कारण तो संकटात नाही. विपुल असणे हाच त्याचा अपराध. अनेक राज्यांत वर्षभर, रात्रंदिवस, कितीही कायोटी मारता येतात, आणि काही ठिकाणी तर सर्वांत जास्त किंवा सर्वांत वजनदार कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धा भरतात. या स्पर्धांविरुद्धची मोहीम ही कायोटींसाठी आजवर सर्वांत यशस्वी ठरलेली मोहीम म्हणावी लागेल. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा स्पर्धांतील बक्षिसांवर बंदी घातली, आणि व्हरमाँट, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, मॅसॅच्युसेट्स, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, मेरीलँड, ओरेगॉन, न्यूयॉर्क अशी राज्ये पुढे त्याच वाटेने गेली. यातील काही राज्यांत बंदीची मागणी करणाऱ्यांत शिकारी आणि वन्यजीव खात्याचे अधिकारीही होते, कारण या स्पर्धांमुळे शिकारीची बदनामी होते असे त्यांना वाटत होते.

कायोटीचे असुरक्षित असणे लांडग्यालाही भोवते. स्थलांतर करणारा तरुण लांडगा धुक्यात, लांबून, कायोटीसारखा दिसू शकतो. केंद्रीय न्याय खात्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे धोरण घेतले की आपण मारतो तो संरक्षित प्राणी आहे हे आरोपीला माहीत होते, असे सिद्ध करता येत नसेल तर खटला भरू नये. परिणामी ‘मला तो कायोटी वाटला’ हे वाक्य पुरेसा बचाव ठरू लागले. नॉर्थ कॅरोलिनात, जेथे जगातील मोजके उरलेले लाल लांडगे मोकळे फिरतात, न्यायालयाने त्यांच्या मुलखातील कायोटींच्या शिकारीवर निर्बंध घातले ते याच कारणासाठी.

सरकारी नियंत्रणाविरुद्धची लढाई बहुधा हत्यारांच्या नावाने होते, त्यातही विषांच्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये केंद्राच्या जमिनींवर भक्षकांसाठी विष वापरण्यास मनाई करणारा आदेश काढला. रेगन यांनी १९८२ मध्ये तो मागे घेतला. मधल्या काळात सायनाइडचे एक साधन रुळले होते. जमिनीत रोवलेल्या नळीच्या तोंडाला वासाचे आमिष लावलेले असते आणि प्राण्याने ते दातांनी ओढले की स्प्रिंग सुटून सायनाइडची भुकटी त्याच्या तोंडात उडते. ओढणारा कायोटी आहे, कुत्रा आहे की माणूस, हे नळीला कळत नाही. मार्च २०१७ मध्ये आयडाहोतील पोकाटेल्लो शहराजवळ एका १४ वर्षांच्या मुलाने घरामागच्या टेकडीवर अशा नळीला हात लावला. तो बचावला, पण त्याचा कुत्रा त्याच्या डोळ्यांसमोर मेला. त्यानंतर ओरेगॉनने २०१९ मध्ये या साधनावर बंदी घातली, केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याने २०२३ मध्ये आपल्या जमिनींवर त्याला मनाई केली, आणि २०२४ च्या अंदाजपत्रकात संसदेने त्यावरचा खर्चच रोखला. बाकी दावे पर्यावरण परिणामांच्या कायद्याच्या आधारे चालतात. त्यात ‘मारू नका’ असे न म्हणता ‘मारण्याचे परिणाम तुम्ही नीट तपासलेले नाहीत’ असे म्हणावे लागते, कारण वाइल्डलाइफ सर्व्हिसेस वर्षानुवर्षे १९९४ च्या एका जुन्या अहवालाच्या आधारे काम करत होती. मुद्दा रुक्ष वाटतो, पण अशाच दाव्यांमुळे अनेक राज्यांत या संस्थेला रानराखीव भागांतील विमानांतून होणारा गोळीबार किंवा ठरावीक सापळे थांबवावे लागले आहेत.

मग मेंढ्या वाचवायच्या कशा? आयडाहोतील वुड रिव्हर खोऱ्याचा प्रयोग येथे सविस्तर पाहण्यासारखा आहे. सुमारे २००८ पासून तेथील मेंढीमालक, संरक्षण संस्था आणि काउंटी यांनी एकत्र येऊन डोंगराळ सरकारी जमिनीवर लांडगे न मारता कळप सांभाळायचे ठरवले. कळपासोबत रात्री माणूस राहू लागला, राखणीची कुत्री वाढवली, लांडग्यांची घळ कोठे आहे हे पाहून कळपाची वाट बदलली, मेलेली जनावरे उचलून नेली, रात्रीच्या जागेभोवती लाल चिंध्या टांगलेली दोरी लावली. ही दोरी पूर्व युरोपातील लांडगे घेरण्याच्या जुन्या पद्धतीतून आलेली आहे. फडफडणाऱ्या चिंध्यांच्या रेषेला लांडगा बुजतो, निदान काही आठवडे तरी, आणि तारेत वीज सोडली तर अधिक काळ. सात वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा शेजारच्या, लांडगे मारले जाणाऱ्या भागातील मेंढ्यांचे नुकसान या भागापेक्षा साडेतीन पट निघाले, आणि प्रयोगाच्या भागातील नुकसान एकूण मेंढ्यांच्या ०.०२ टक्के होते. कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटीने २००० च्या सुमारास वाइल्डलाइफ सर्व्हिसेसबरोबरचा करार संपवून तोच पैसा कुंपणे आणि राखणीच्या कुत्र्यांसाठी पशुपालकांना देण्यास सुरुवात केली. तेथील कळप लहान आहेत आणि तो नमुना हजारो एकरांच्या माळाला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे.

सोलापूर-अहिल्यानगरच्या माळावर वाडा घेऊन हिंडणाऱ्या धनगराला यात नवे काय, असे वाटेल. वाघूर लावून मेंढ्या कोंडणे, कुत्री बाळगणे आणि रात्री कळपाशेजारी झोपणे हा त्याचा रोजचा धंदा आहे, आणि त्याच्या माळावरचा लांडगा भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. फरक इतकाच की अमेरिकेत सरकारने शंभर वर्षे लांडगे मारून दिल्यामुळे दोन-तीन पिढ्यांच्या मेंढपाळांना कळपाशेजारी झोपण्याची गरजच उरली नाही, आणि आता ते कौशल्य मजुरीचा खर्च म्हणून पुन्हा विकत घ्यावे लागते आहे. त्या खर्चाचा बोजा कोणी उचलायचा, हा प्रश्न कोलोरॅडोत सध्या उघड्यावर आला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील मतदारांनी अगदी थोड्या मताधिक्याने लांडगे परत आणण्याचा कौल दिला. शहरांनी बाजूने आणि पशुपालकांच्या बहुतेक काउंट्यांनी विरोधात मते टाकली. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून आणलेले दहा लांडगे सोडण्यात आले. राज्याने लांडग्याने मारलेल्या प्रत्येक जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद केली. सोडलेल्यांपैकी एका जोडीला पिल्ले झाली, त्या टोळीने गुरे-मेंढ्या मारल्या, आणि २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस राज्याने ती टोळी पकडली. नर पकडल्यानंतर थोड्याच दिवसांत मेला. तपासणीत त्याला आधीच बंदुकीची जखम झालेली आढळली. मादी आणि पिल्ले जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या ठिकाणी सोडली गेली, आणि त्याच महिन्यात ब्रिटिश कोलंबियाहून आणखी पंधरा लांडगे आले. मे महिन्यात त्या पहिल्या टोळीतल्या एका तरुण नराला, गुरांवर पुन्हा हल्ले झाल्यामुळे, राज्याच्याच कर्मचाऱ्यांनी गोळी घातली.